रिकामा कोपरा

माझा धाकटा भाऊ बकाराम चेंडू मारायचा पगार घेतो, हे आमच्या गावात, कामठ्यात, कुणाला सांगून पटत नसे. "रोवन्याचे पैसे भेटतात, कापनीचे भेटतात. चेंडू मारायचे कोन देते बापा?" असं आमचा थोरला भाऊ हिरालाल चार लोकांत विचारायचा आणि स्वतःच हसायचा. त्याला हसायला काय जातंय? बाबांनी बकारामला सरळ विचारलं होतं, बांधी पाहिजे का साहेबाचा खेळ? बकाराम म्हणाला, खेळ. झालं. धानाच्या सगळ्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, हिरालालच्या नावावर गेली, आणि बकाराम गोंदियाला स्टेशनापलीकडच्या साहेब लोकांच्या क्लबात टेनिसचा मार्कर झाला.

मार्कर म्हणजे काय ते आधी सांगते. साहेबाला जोडीदार मिळाला नाही की जाळीच्या दुसऱ्या बाजूला जो पगारी माणूस उभा राहतो, तो मार्कर. त्याने चांगलं खेळायचं, पण साहेबापेक्षा जरा कमी. चेंडू असा परत द्यायचा की साहेबाला पळावं लागू नये, वाकावं लागू नये. उजव्या हाताला, कमरेइतका, आयता. मग साहेबाने तो दणकून मारायचा, व्हरांड्यातल्या मेमसाहेबांनी टाळ्या वाजवायच्या आणि मार्करने म्हणायचं, "गुड शॉट, सर." बकाराम ह्यात इतका तरबेज होता की त्याच्याशी खेळलेला प्रत्येक साहेब स्वतःवर खूश होऊन घरी जायचा. एकदा त्याने नागपूरच्या मोठ्या सामन्यात नाव घालायची इच्छा बोलून दाखवली. त्याला हसून सांगण्यात आलं की जो पगारावर खेळतो तो नोकर, आणि नोकराचं नाव सद्गृहस्थांच्या सामन्यात घालत नाहीत. म्हणजे केस पिकायला आले तरी माझा भाऊ एकही सामना खेळला नव्हता. नुसता दुसऱ्यांना खेळवत आला होता.

मी अनुसया. नवरा गेल्यावर बकारामकडे राहायला आले, आणि क्लबाचं कोर्ट सारवायचं काम मला मिळालं. हो, सारवायचंच. तेव्हा कोर्टावर शेणामातीचा हात फिरवत. अंगण असतं तसंच, फक्त साहेबाचं. क्लबाच्या मागच्या खोलीत आम्ही राहायचो: बकाराम, त्याची बायको रुख्मा, त्यांची लहान पोर आणि मी. बरं चाललं होतं.

साहेबांची जर्मनीशी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी ब्रॅडी नावाचा नवा सेक्रेटरी आला. तांबडा माणूस, सदा घाईत. आल्या आल्या त्याने ठरवलं की मार्कर म्हातारा झाला. जबलपूरला मनिराम नावाचा एक तरणा मार्कर आहे असं त्याच्या कानावर आलं होतं. त्याने मनिरामला बोलावून घेतलं आणि बकारामला कोर्टाच्या मधोमध उभं करून सांगितलं, "इतवार को मॅच होगा. दोनों मार्कर. जो जीतेगा वो रहेगा. जो हारेगा वो जाएगा."

त्या दिवशी बकाराम जेवला नाही. रुख्मा ताट घेऊन बसून राहिली आणि शेवटी म्हणाली, "हे पाहा, मी कामठ्याले जाऊन जाऊच्या चुलीपुढं बसनार नाही. हिरालालभाऊनं निरोप धाडलाच हाय, परत आला तं माह्या बांधीत रोजीनं ये म्हनून."

"तिनं जिंका म्हटलं नाही," तो नंतर मला म्हणाला.

"तुले जिंकता येते का?" मी विचारलं.

"कोन जाने बाई. कधी पाहिलंच नाही."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं हातात रॅकेट धरून हिंडतो आणि म्हणतो, कोन जाने! मी दुसऱ्याच दिवशी त्याला जवळच्या फुलचूर गावाला घेऊन गेले. तिथे ओळखीच्या केवलरामची एक बांधी धान निघाल्यावर तशीच पडीक होती. त्याने त्यात लाखोरीची डाळ पेरली नव्हती. मी ती धसकटं काढून, चोपून, सारवून दिली. मध्ये दोरी बांधली, दोरीवर माझं जुनं लुगडं टाकलं. पलीकडे मी उभी राहिले.

"मी चेंडू फेकीन. तू असा मार का मले धरता नाही आला पाहिजे," मी म्हणाले.

त्याने मारला. चेंडू माझ्या हातात आला.

"अरे, माह्याकडं नाही. जिथं मी नाही तिथं मार!"

पुन्हा मारला. पुन्हा माझ्या हातात. मी डावीकडे सरकले, चेंडू डावीकडे आला. उजवीकडे गेले, उजवीकडे. एवढंच काय, मी पाठ फिरवून पदर पसरला असता तरी चेंडू पदरातच पडला असता. बकाराम घामाघूम झाला होता. तो मुद्दाम करत नव्हता, हे आता माझ्या लक्षात आलं. माणूस दिसला की त्याच्या हातात चेंडू द्यायचा, हे त्याच्या मनगटात मुरलं होतं. मी बाजूला जाऊन उभी राहिले तेव्हा त्याने पाहिजे त्या कोपऱ्यात चेंडू मारून दाखवला, सुतासारखा. मी परत आत आले की झालं, चेंडू माझ्या हातात.

"तू खेळाडू हायेस का वाढपी?" मी ओरडले. "पंगतीत वाढून राहिला का?"

तो हसला. मला हसू आलं नाही. इतवारपर्यंत रोज पहाटे आम्ही त्या बांधीत जात होतो, आणि रोज तेच. माझे हात चेंडू झेलून झेलून लाल झाले, पण त्याचा हात काही फिरेना.

इतवारी दुपारी क्लबाबाहेर ही गर्दी. रेल्वेचे बाबू, मिलवाले शेठ, नागऱ्याच्या महादेवाच्या जत्रेला निघालेली माणसंसुद्धा तारेच्या जाळीला चिकटून उभी होती. आत व्हरांड्यात साहेब लोक. उंच खुर्चीवर गुण पुकारायला मालधक्क्यावरचे ईश्वरदासबाबू. रुख्मा आली नव्हती. ती खोलीत दार लावून बसली होती.

मनिराम आला. पोरगेलाच होता, उंच, काटक, कुरळ्या केसांचा. त्याने वाकून बकारामला नमस्कार केला. "दादा, हम तो वहाँ की नौकरी छोड़ के आए हैं," तो हळूच म्हणाला. "साहब ने बोला, पक्का समझो." बकारामचा चेहरा उतरला. म्हणजे जो हरेल त्याला मागे जायलाही जागा नव्हती. दोघांनाही.

खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात लोक एकमेकांकडे बघायला लागले. मनिरामने चेंडू मारला तो थेट बकारामच्या उजव्या हाताला, कमरेइतका. बकारामने परत दिला तो मनिरामच्या उजव्या हाताला, कमरेइतका. पुन्हा तसाच. पुन्हा तसाच. मी तारेच्या जाळीमागे उभी होते, माझ्या ध्यानात लगेच आलं. तोही मार्करच होता की! त्याचाही हात तसाच घडलेला. दोन वाढपी समोरासमोर उभे राहिले होते आणि एकमेकांना आग्रह करत होते. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे, थांबायचं नाव नाही. आधी लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग हसले, मग कंटाळले. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अरे, मारो ना! पूजा कर रहे हो क्या?" ब्रॅडी साहेब पाय आपटत होता.

मला मात्र हसू येत नव्हतं. अशा खेळात कोण हरणार हे उघड होतं. जो आधी दमेल तो. बकारामच्या तोंडाला फेस यायला लागला, पाय जड झाले, आणि दमलेल्या हातून चेंडू मधल्या जाळीत जायला लागले. मनिराम अजून ताजातवाना होता. पहिला सेट त्याने घेतला. तीनांतले दोन घेईल त्याची नोकरी. आणखी एक गेला की संपलं. बकाराम कोर्टाकडेला मटकन बसला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला राग आला. साहेबाचा, मनिरामचा, बकारामचा, सगळ्यांचाच. आणि त्या रागातच एकदम सुचलं. ह्याच्या हाताला माणूस लागतो ना? मग देऊ या माणूस.

मी शेणाची रिकामी टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि कोर्टाला वळसा घालून मनिरामच्या मागच्या बाजूला गेले. टोपली घेतलेल्या सारवणाऱ्या बाईला कोण अडवतं? कोर्टाचा जो कोपरा रिकामा होता, बरोबर त्याच्या मागे तारेच्या जाळीला बाहेरून टेकून उभी राहिले. टोपली खाली ठेवली. हात पुढे केले, बांधीत धरायची तसेच.

खेळ सुरू झाला. चेंडू चार-सहा वेळा इकडून तिकडे गेला आणि बकारामची नजर माझ्यावर पडली. माझ्यावर म्हणजे माझ्या हातांवर. पुढच्या चेंडूला त्याचं मनगट जरासं वळलं, आणि चेंडू मनिरामच्या दोन हात लांबून सरळ माझ्याकडे आला, रेषेच्या आत टप्पा घेऊन तारेच्या जाळीवर आदळला. माझ्या तळहातासमोर.

मनिराम जागचा हललासुद्धा नाही. असा चेंडू त्याने कधी घेतलाच नव्हता. त्याने वळून कोपऱ्याकडे पाहिलं, मग बकारामकडे, आणि त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "दादा?"

बाहेर एकच गिल्ला झाला. मी मात्र दुसऱ्या कोपऱ्यामागे निघाले. पुढचा चेंडू तिकडे आला. मी परत पहिल्या कोपऱ्यात, चेंडू माझ्यामागोमाग. बाजू बदलली की टोपली डोक्यावर आणि मी पलीकडे. दुसरा सेट बकारामने घेतला. मनिराम धावायला लागला होता, पण कुठे धावायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

तिसऱ्या सेटला ऊन उतरलं. अर्ध्यात आल्यावर मला दिसलं की बकाराम माझ्याकडे बघेनासा झालाय. मी डाव्या कोपऱ्यात असताना त्याने चेंडू उजव्या कोपऱ्यात मारला. मला वाटलं, चुकला. पुन्हा तसंच झालं. तो आता कोर्टाकडेच बघत होता, मोकळ्या जागेकडे, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मी त्याच्या लहानपणापासून पाहिलं नव्हतं. मी हात खाली घेतले. माझी गरज संपली होती, आणि मला सांगायला लाज नाही, तिथेच जाळीला धरून मी रडले.

बकाराम जिंकला. लोकांनी त्याला उचलून घेतलं. रुख्माने दार उघडलं, आधी रडली, मग त्याच्यावर ओरडली, की पायात काटा गेलाय तो आधी काढा. पण रात्री जेवताना बकारामचा घास हातातच राहिला. "त्या पोराची जबलपूरची नोकरी गेली ना बाई," तो म्हणाला.

"मंग काय तुही जायला पाहिजे होती?" मी म्हणाले, आणि विषय तिथेच थांबवला.

सोमवारी सकाळी कचेरीत जायच्या आधी ब्रॅडी साहेब खेळायला आला. मोठ्या खुशीत होता. त्याचे चार-सहा दोस्त व्हरांड्यात चहा घेत बसले होते. काल जिंकलेल्या मार्करशी साहेब कसा खेळतो ते त्यांना बघायचं होतं. मी कोर्टाच्या कडेला पोपडा निघाला होता तिथे सारवत होते.

साहेबाने चेंडू मारला. बकारामने तो परत दिला, आणि चेंडू साहेबापासून लांब, कोपऱ्यात. साहेब हसला. "शाबाश!" दुसरा चेंडू. तोही कोपऱ्यात. साहेब पळाला, पोचला नाही. व्हरांड्यात कुणीतरी खोकलं. बकारामने आपल्या हाताकडे पाहिलं. मला दिसत होतं, तो मनापासून साहेबाच्या हाताचा नेम धरत होता, पण नेमक्या क्षणी मनगट वळत होतं. बांधीतला तोच घाम त्याच्या कपाळावर आला होता. तिसरा चेंडू घेताना साहेब घसरून गुडघ्यावर पडला आणि व्हरांड्यात एक मेमसाहेब खुदकन हसली.

साहेब उठला. पांढऱ्या पाटलोणीवर माझ्या शेणाचा हिरवा डाग. तो मधल्या जाळीजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मार्कर. तुम जीतने के वास्ते नहीं है. हमारे हाथ में बॉल दो. नहीं तो जाओ."

त्यानेच जिंकणारा मार्कर निवडला होता, आणि आता त्याला तोच नको होता! पण माझ्या रागाला विचारतो कोण? माझ्या डोळ्यांसमोर रुख्मा आली, पोर आली, हिरालालचं हसणं आलं. मी हातातलं शेण टाकून उठले आणि धावत साहेबाच्या मागे गेले. बरोबर त्याच्या पाठीमागे, जाळीच्या बाहेर उभी राहिले आणि हात पुढे केले. मनात म्हटलं, मले दे बकाराम. माझ्याकडे मारलास की तो साहेबाच्याच हातात जाईल. नागऱ्याच्या महादेवा, एवढं कर.

साहेबाने चेंडू मारला. बकाराम चेंडूखाली येऊन उभा राहिला. त्याला भरपूर वेळ होता. त्याने मला पाहिलं. माझे पसरलेले हात पाहिले. साहेबालाही पाहिलं. मग मोकळ्या कोपऱ्याकडे नीट बघून घेतलं आणि चेंडू तिथे मारला.

ह्या खेपेला हात चुकला नव्हता. मी त्याची थोरली बहीण, मला कळतं.

साहेबाने शिपायाला हाक मारली. जबलपूरची छोट्या रुळांची गाडी अजून सुटायची होती. त्या दुसऱ्या मार्करला स्टेशनावरून परत घेऊन ये, म्हणून हुकूम झाला. बकारामने रॅकेट पुसून व्हरांड्याच्या पायरीवर ठेवली. "शिपायाले कायले धाडता साहेब? मीच जातो," तो म्हणाला आणि निघाला.

मी त्याच्यामागे निघाले. स्टेशनाचा पूल ओलांडेपर्यंत माझं तोंड थांबलं नाही. गाढव म्हटलं, करंटा म्हटलं, हाती आलेलं ताट लाथाडलंस म्हटलं. "एक चेंडू! एक चेंडू त्याच्या हातात दिला असता तं काय हात झडला असता?"

मनिराम फलाटावर पेटीवर बसला होता. आम्हाला बघून उभा राहिला.

"जा, साहेब बोलवून राहिला तुले," बकाराम म्हणाला. "नोकरी तुही."

मनिरामला काही कळेना. "पर जीते तो आप थे, दादा. क्या हुआ? हाथ फिसल गया?"

"नाही फिसलला."

"फिर?"

"काल तुले हरवून तुही नोकरी घेतली," बकाराम म्हणाला. "आज साहेबापुढं मुद्दाम हरून तेच नोकरी ठेवली असती, तं कालचं जिंकनं चोरी झालं असतं ना बाबा."

मनिरामने पेटी उचलली, खांद्यावर घेतली आणि मान खाली घालून क्लबाच्या वाटेला लागला. माझ्या तोंडात अजून दहा शिव्या तयार होत्या. एकही बाहेर आली नाही. राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. पण त्या फलाटावर मला माझ्या भावाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा आदल्या दिवशी लोकांनी त्याला खांद्यावर घेतला तेव्हाही वाटला नव्हता.

"चाल बाई," तो म्हणाला. "रुख्माले सांगाव लागन."

"काय सांगशील तिले?"

"जिंकलो म्हनून सांगतो," तो म्हणाला आणि पुलाच्या पायऱ्या चढायला लागला.